रायफलचा पट्टा: कुठला घ्यायचा, कसा बसवायचा आणि रानात कसा वापरायचा

रायफल घ्यायची ठरली की लोक चार-चार महिने घालवतात, कॅलिबर कुठलं, स्कोप कुठला, ट्रिगर किती हलका, आणि एवढं सगळं झाल्यावर बिलिंग काउंटरपाशी जो पट्टा लटकलेला असतो तो उचलून पिशवीत टाकतात. मी पण तेच केलं होतं. जाड निओप्रीनचा, मऊ मऊ, वर एल्कचं, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचं, डोकं छापलेलं. कोलोरॅडोतल्या माझ्या पहिल्याच एल्क सीझनला, साधारण साडेनऊ हजार फुटांवर, दगडगोट्यांच्या उतारावरून खाली येताना पट्टा रायफलला जोडणाऱ्या पुढच्या कडीची पिन सुटली आणि रायफल खांद्यावरून निसटून खाली आपटली. चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळीची जागा, रिकामं होतं म्हणून स्कोपवर निभावलं. नंतर रेंजवर जाऊन बघितलं तर शंभर यार्डांवर गोळी वीतभर डावीकडे. सीझनचे उरलेले तीन दिवस गाडी, रेंज आणि मनस्ताप यात गेले.

त्यानंतर पट्टा या विषयावर मी जरा जास्तच डोकं घातलं, बायकोच्या मते फारच जास्त. त्यातलं कामाचं तेवढं इथे लिहितोय.

आधी एक खुलासा. भारतात शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे, तेव्हा शिकारीचं सगळं इथे अमेरिकेत रीतसर लायसन्स काढून हंटिंग करणाऱ्या किंवा करू बघणाऱ्या आपल्या लोकांसाठी आहे. एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर बंदूक नुसती हातात ठेवणं सुद्धा फेडरल कायद्यानं एरवी गुन्हा आहे, त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणून मित्राच्या भरवशावर राहू नका, वकिलाला विचारून घ्या. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, म्हणजे हे वाचणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनाच. भारतातल्या रेंजवाल्यांना लूपचा (दंडाला पट्ट्याचा पक्का फास) आणि पोझिशनचा भाग उपयोगी पडेल.

पट्टा नक्की कशासाठी असतो

बहुतेकांना वाटतं वाहून न्यायला. ते अर्धंच खरं. स्कोपसकट रायफल साडेतीन-चार किलोची होते आणि आठ तास ती हातात धरून डोंगर चढवत नाही, हे मान्य. पण पट्ट्याचं दुसरं काम नेम स्थिर करायचं, आणि माझ्या मते तेच पहिलं. कॉलेजात एनसीसीला असताना आमचे उस्ताद तीन उसूल पाठ करून घ्यायचे, मजबूत पकड, दुरुस्त शिस्त आणि ट्रिगर ऑपरेशन. पॉइंट टू टूची ती जुनी रायफल, तिला कॅनव्हासची पट्टी, उस्ताद तिला 'सिलिंग' म्हणायचे, म्हणजे इंग्रजीतलं स्लिंग. तेव्हा ती आम्हाला परेडमधली शोभेची वस्तू वाटायची. मजबूत पकडीत त्या सिलिंगचा किती वाटा असतो ते मला समजायला वीस वर्षं आणि एक आपटलेला स्कोप लागला.

गणित साधं आहे. हाताच्या स्नायूंनी रायफल धरली की ती थरथरते, कारण स्नायू दमतो. हाडावर ठेवली तर नाही. पट्टा दंडाला कसून पुढच्या कडीला जोडला की दंड, कोपर ते पंजा हा हात आणि पट्टा असा एक त्रिकोण तयार होतो, आणि रायफलचं वजन स्नायूंऐवजी पट्ट्याच्या ताणावर आणि हाताच्या हाडावर येतं. पंजा तर सैल सोडला तरी चालतो. हे नीट जमलं की स्कोपमधली क्रॉसहेअर अशी काही शांत होते की पहिल्यांदा बघताना आपलाच विश्वास बसत नाही.

ऑलिम्पिकवाले हेच करतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ मिळवलं त्याचा व्हिडिओ काढून बघा, गुडघ्यावर आणि झोपून मारताना डाव्या दंडाला पट्टा आहे आणि उभ्यानं मारताना नाही. त्यांच्या नियमात उभ्या पोझिशनला पट्टा चालतच नाही, आणि एरवी सुद्धा रुंदी ४० मिलिमीटरच्या वर नको. आपल्याला रानात असले नियम नाहीत पण उभ्यानं पट्ट्याचा फायदा कमी होतो ही गोष्ट खरीच आहे, त्यावर पुढे येतो.

कुठला घ्यायचा

दुकानात वीस प्रकार दिसतात. कामाचे चार-पाचच.

नुसती सव्वा इंची नायलॉनची पट्टी, मध्ये लांबी कमी-जास्त करायचं बक्कल. सगळ्यात स्वस्त, भिजली तरी फार ताणत नाही, आणि हेस्टी स्लिंग (खाली सांगतो) यात उत्तम जमतं. पहिला पट्टा घेत असाल तर हाच घ्या आणि उरलेले पैसे गोळ्यांवर घाला.

जाड निओप्रीनचा किंवा फोमचा. खांद्याला सुख, पण रबरासारखा ताणतो, चालताना रायफल वरखाली उड्या मारते, आणि ताणणाऱ्या वस्तूनं नेम स्थिर कसा होणार? माझा तो पहिला. तुम्ही घेऊ नका.

१९०७ चा चामडी पट्टा. अमेरिकन सैन्यानं १९०७ साली स्वीकारलेला, स्प्रिंगफील्ड रायफलसोबत पहिलं महायुद्ध आणि गॅरंडसोबत दुसरं महायुद्ध बघितलेला. दोन वाद्या, एक लांब एक आखूड, भोकांच्या जोड्या, त्यात अडकणारे दोन पितळी आकडे आणि वर चामड्याच्या दोन कड्या. लूप म्हणून याच्यासारखा दुसरा नाही, अजून सुद्धा मॅचला लोक हाच लावतात. पण शिकायला वेळ लागतो, दंडात चढवायलाही वेळ लागतो, आणि एल्क तेवढं थांबत नाही. दुसऱ्या महायुद्धात याचाच साधा कापडी भाऊ निघाला, कॅनव्हासचा, तो आजही स्वस्तात मिळतो आणि वाईट नाही.

चिंग स्लिंग. हा माझा लाडका. जेफ कूपर म्हणून अमेरिकन मरीन होते, त्यांनी १९७६ ला ॲरिझोनात गनसाइट नावाची शूटिंग शाळा काढली. हलकी, आटोपशीर 'स्काउट रायफल' ही त्यांचीच कल्पना आणि तिला दोनच्या जागी तीन कड्या, तिसरी ट्रिगर गार्डच्या जरा पुढे. एरिक चिंग यांनी बनवलेल्या या पट्ट्यात मुख्य पट्टीला तिसऱ्या कडीपासून येणारी एक छोटी पट्टी जोडलेली असते, तिच्यामुळे दंड घालायला तयार फासा मिळतो. लूपची बरीचशी मजबुती आणि वेळ मात्र दोन-तीन सेकंदांचा. अडचण एवढीच की तिसऱ्या कडीसाठी बहुतेक रायफलींना भोक पाडून घ्यावं लागतं, ते गनस्मिथकडूनच करून घ्या, घरच्या ड्रिलनं दस्त्याला भोक पाडायचं धाडस मी एकदा बघितलंय, परत बघायचं नाही.

बाकी एआर-१५ सारख्या सेमी-ऑटो रायफलींना लावतात ते ओढून लांबी बदलणारे टू-पॉइंट पट्टे, ते छान असतात, बोल्ट रायफलला पण आता बरेच जण लावतात कारण एक हिसका दिला की सैल, एक हिसका की कसलेला. बायॅथलॉनवाल्यांचा दोन्ही खांद्यांवर दप्तरासारखा घालायचा प्रकार स्कीवरून जाणाऱ्यांसाठी, पाठीवर हंटिंगची सॅक असली की त्याचा उपयोग संपला.

कड्यांकडे दुर्लक्ष करू नका, मी केलं होतं

पट्टा तुटत नाही हो, कडी सुटते. बहुतेक हंटिंग रायफलींना पुढे एक आणि मागे एक असे खुंटीसारखे स्टड असतात आणि त्यात काढघालीची कडी बसते, म्हणजे स्विव्हल. ती एक इंची आणि सव्वा इंची अशी मिळते, पट्ट्याच्या रुंदीला जुळणारीच घ्या, सव्वा इंची पट्टा एक इंची कडीत कोंबला की दुमडतो आणि हातावर त्याची कड रुतते.

बसवल्यावर काय तपासायचं: स्टडचा स्क्रू हातानं हलतोय का, हलत असेल तर काढून निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू पक्का करायचा गोंद) एक थेंब, लाल नाही, लाल लावलात तर तो परत निघताना रडवेल. कडीची पिन पूर्ण आत गेली का, आणि तिच्यावर फिरवून लॉक करायची चकती असेल तर ती फिरवली का. मग रायफल रिकामी आहे हे डोळ्यानं आणि बोटानं बघून, गादीच्या वर पट्टा धरून जोरात पाच-सहा हिसके द्या. सुटायची असेल तर गादीवर सुटेल. मी हे दर सीझनच्या आधी करतो आणि स्वस्तातल्या पत्र्याच्या कड्या सरळ फेकून देतो.

पुढच्या स्टडवर बायपॉड (रायफल टेकवायचे दोन पाय) लावणार असाल तर बघून घ्या, बऱ्याच बायपॉडना पट्ट्यासाठी वेगळी जागा दिलेली असते. आणि आवाज. कडी स्टडवर चालताना टिक टिक करते, आपल्या कानाला काही वाटत नाही पण जनावराला ते दुरून कळतं. कडीच्या आतल्या बाजूला इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा मारला की काम झालं.

लांबी कशी ठरवायची

घरी टीशर्टवर लांबी बसवली आणि नोव्हेंबरात तीन थरांच्या जॅकेटवर वापरायला गेलं की पट्टा आखूड. म्हणून जे कपडे घालून जाणार तेच घालून बसवा, वर सीझनला लागणारं केशरी जॅकेट सुद्धा, त्यावर पुढे येतो.

नळी वर करून उजव्या खांद्यावर लटकवा. दस्ता मांडीच्या मागे आपटत असेल तर लांब झालाय, काखेत रुतत असेल तर आखूड. ही झाली ढोबळ लांबी. आता खाली बसून, कोपर गुडघ्यांवर ठेवून, हेस्टी स्लिंग घालून नेम धरा. पट्टा ढिला लोंबतोय असं वाटलं तर एक-एक बोट आखूड करत जा. नेमासाठी योग्य लांबी आणि वाहायला योग्य लांबी या दोन्ही जवळपास येतात, तंतोतंत नाही, आणि तडजोड करायची वेळ आली तर नेमाची लांबी ठेवा, खांद्याला जरा त्रास झाला तर झाला. जमली की बक्कलापाशी मार्करनं खूण करा किंवा दोऱ्याचा टाका घाला, चामडी असेल तर भोकांचा नंबर लिहून ठेवा. रानात मोजत बसायचं नाही.

खांद्यावर कशी घ्यायची

नळी वर, उजव्या खांद्यावर, ही सगळ्यांची सवयीची पद्धत. दूर चालायला बरी. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नळी डोक्याच्या वर जाते आणि झाडीत प्रत्येक फांदीला अडकते. दुसरी जास्त महत्त्वाची, पुढे वाकलात की नळी पुढच्या माणसाकडे वळते. बुटाची लेस बांधायला वाकणं किंवा कुंपणाखालून जाणं, एवढंच पुरतं. वाकायच्या आधी रायफल खांद्यावरून काढा, दर वेळी.

नळी खाली, डाव्या खांद्यावर, याला आफ्रिकन कॅरी म्हणतात. रायफल डाव्या काखेखाली, ट्रिगर गार्ड पुढच्या बाजूला, डावा हात पुढच्या लाकडावर. मला जनावर जवळपास असेल तेव्हा हीच आवडते कारण डावा हात आधीच पट्ट्याच्या आत असतो, नुसती नळी पुढून वर उचलली, उजव्या हातानं दस्ता खांद्यात घातला की तुम्ही अर्ध्या हेस्टी स्लिंगमध्ये आहातच. पावसाचं पाणी पण नळीत जात नाही. वाईट बाजू अशी की बसताना किंवा चढावर नळीचं तोंड चिखलात किंवा बर्फात घुसतं, आणि नळीत अडकलेल्या बर्फासकट गोळी मारली तर नळी फुटू शकते. त्यावर जुना उपाय म्हणजे नळीच्या तोंडावर टेपचा एक तुकडा. आणि स्वतःच्या पायाकडे लक्ष, नळी खाली म्हणजे पाय तिथंच आहे.

आता ते केशरी जॅकेट. कोलोरॅडोत रायफल सीझनला अंगावर कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत केशरी किंवा गुलाबी लागतं, शिवाय डोक्यावर त्याच रंगाची टोपी. ते कापड पॉलिएस्टरचं, गुळगुळीत, त्यावरून पट्टा लोण्यासारखा घसरतो. दिवसभर एक खांदा उचलून चालायचं आणि रात्री मान धरून बसायचं. यावरचा जुन्या शिकाऱ्यांचा उपाय मला फार आवडला, खांद्याच्या टोकाला जॅकेटवर एक मोठं कोटाचं बटण शिवायचं. पट्टा बटणाला अडतो. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य, मी आईनं पाठवलेल्या बटणांच्या डब्यातलं लावलं.

चेंबरबद्दल एकदाच सांगतो. पट्ट्यावर रायफल आहे म्हणजे ती तुमच्या हातात नाही, तेव्हा चढताना, उतरताना, ओढा ओलांडताना आणि कुंपणापाशी चेंबर रिकामं. गाडीत तर कोलोरॅडोत कायद्यानंच रिकामं लागतं. मचाणावर जायचं असेल तर पट्ट्यावर घेऊन शिडी चढू नका, रिकामी करून दोरीनं वर ओढा, नळी आपल्याकडे नसेल अशी बांधून.

हेस्टी स्लिंग, म्हणजे घाईचा फास

हे आधी शिका, पाच मिनिटांत येतं. खालचं सगळं उजव्या हाताच्या माणसासाठी, डावखुऱ्यांनी उलटं वाचा.

डावा हात रायफल आणि पट्टा यांच्या मधून कोपराच्या वरपर्यंत घाला. मग पंजा बाहेरून पट्ट्याला वळसा घालून परत आत आणा, म्हणजे पट्टा दंडाच्या मागून येऊन मनगटाच्या आणि पंजाच्या पाठीवरून पुढच्या कडीकडे जाईल. पंजा पुढच्या लाकडाखाली, शक्यतो कडीच्या जवळ. आता कोपर बाहेरच्या बाजूला जरा ढकला, ताण येईल. पट्ट्याची कड पंजाला टोचत असेल तर पट्ट्याला अर्धा पीळ उलट्या दिशेनं द्या म्हणजे तो सपाट बसेल. झालं.

उभ्यानं मारताना हे थोडं मदत करतं, थोडंच. कोपराला खाली टेकायला काही नाही म्हणजे त्रिकोणाचा पायाच हवेत. मी उभ्यानं मारायचंच टाळतो, जवळचं झाड बघतो नाहीतर बसतो.

लूप, म्हणजे पक्का फास

वेळ असेल तेव्हा, दरीच्या पलीकडे जनावर चरतंय आणि त्याला तुमचा पत्ता नाही तेव्हा. १९०७ च्या पट्ट्यानं असं करायचं:

१. रायफल रिकामी, सेफ्टी लावलेली, बट उजव्या मांडीवर टेकवून बसा. आखूड वादीचा आकडा काढून मागचा भाग सैल करा, लूपमध्ये मागच्या कडीचा काही उपयोग नसतो, सगळा खेळ पुढची कडी आणि दंड यातला.

२. लांब वादीचा जो फासा तयार होतो त्याला अर्धा पीळ देऊन डावा हात त्यातून वर दंडापर्यंत घाला.

३. फासा दंडावर उंच न्या, बगलेच्या जवळ, दंडाच्या बेडकुळीच्या वर. कोपराजवळ ठेवलात तर दंडातली मोठी रक्तवाहिनी नेमकी दाबली जाते आणि प्रत्येक ठोक्याला क्रॉसहेअर नाचते, मला सुरुवातीला कळेचना की वारा नाही तरी नेम का उडतोय. उंच आणि जरा बाहेरच्या बाजूला ठेवला की ठोका कमी होतो. मग चामडी कडी सरकवून फासा आवळा.

४. पंजा पट्ट्यावरून वळसा घालून पुढच्या लाकडाखाली, वादी पंजाच्या पाठीवर सपाट.

५. दस्ता खांद्यात घाला. तो सहज गेला तर पट्टा सैल आहे. उजव्या हातानं ढकलून, जरा खटपट करून बसवावा लागला पाहिजे, मग ताण बरोबर. आकडा एक भोक पुढे-मागे करून बघा.

जास्त वेळ तसंच बसलात तर हात बधिर होतो, ते होतंच, म्हणून पाच-एक मिनिटांनी फासा सैल करा.

चिंगमध्ये यातल्या पहिल्या तीन पायऱ्या जवळजवळ गायब होतात, दंड फाशात घालायचा, वर सरकवायचा, पंजा वळवायचा. बस.

पोझिशन, आणि इथे आपण जिंकतो

झोपून मारणं सगळ्यात स्थिर, पण रानात गुडघाभर गवत आणि झुडपं, झोपलात की समोर फक्त गवताची काडी. म्हणून बसून मारणं हे खरं कामाचं. इथल्या पन्नाशीच्या पुढच्या काकांना मांडी घालून बसता येत नाही, कंबर वाकत नाही, आणि आपण लहानपणापासून पंगतीत तास-तासभर मांडी घालून जेवलोय. मांडी घाला, टार्गेटपासून साधारण तीस अंश उजवीकडे वळून बसा, पुढे वाका आणि कोपरांच्या वरचा मांसल भाग गुडघ्यांच्या आतल्या खोबणीत टेकवा. कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवायचं नाही, हाडावर हाड घसरतं.

दुसरं म्हणजे उकिडवं. दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकवून खाली बसायचं, दंड गुडघ्यांच्या पुढे टेकवायचे. बर्फात आणि चिखलात पार्श्वभाग ओला होत नाही, बसायला-उठायला एक सेकंद, आणि पट्टा कसलेला असला की बसलेल्याच्या जवळपास स्थिर. इथल्या लोकांना टाचा टेकवून असं बसता येत नाही, ते बुटाच्या चवड्यावर डुगडुगतात. माझ्या रेंजवरच्या एका म्हाताऱ्या मरीननं मला असं बसलेलं बघून कुठे शिकलास म्हणून विचारलं, मी म्हटलं एसटी स्टँडवर.

कुठल्याही पोझिशनला एक तपासणी करा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, सोडा, डोळे उघडा. क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकली असेल तर हातानं ओढून परत आणू नका, बूड किंवा पाय हलवून सगळं अंगच वळवा. पट्टा असताना ही चूक जास्त होते, कारण पट्ट्याशी झगडून नेम धरलेला गोळी सुटताना मूळ जागी परत जातो.

झिरो परत बघा

हे बरेच जण करत नाहीत. बेंचवर वाळूच्या पिशवीवर रायफल झिरो केली, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी एका जागी जुळवली, आणि मग पट्टा कसून मारली तर गोळी दुसरीकडे जाऊ शकते, विशेषतः स्वस्त प्लास्टिकच्या स्टॉकवर. पट्टा पुढचं टोक खाली आणि बाजूला ओढतो, मऊ स्टॉक वाकतो, नळीला टेकतो आणि नेम बदलतो. शंभर यार्डांवर तीन गोळ्या पिशवीवरून, तीन बसून पट्टा कसून, दोन वेगळ्या कागदांवर. दुसरा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, मोठा असणारच, ते सोडा, त्याचं मध्य कुठे आहे ते बघा. मध्य सरकलं असेल तर आधी नळी आणि स्टॉक यांच्या फटीतून डॉलरची नोट सरकवून बघा, पट्टा ताणलेला असताना पण. नोट अडकली तर स्टॉकचं बघायला लागेल.

माझंच सांगतो, बसून बिनपट्ट्याचा माझा ग्रुप जेवणाच्या ताटाएवढा आणि चिंग लावून आमटीच्या वाटीएवढा. रायफल तीच, गोळी तीच.

आणि बेंचवर झिरो करताना पट्टा काढून ठेवा, वाऱ्यानं हललेला पट्टा पिशवीवरची रायफल हलवतो.

घरचा सराव

गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या, दार लावायचं. चेंबर आणि मॅगझिन दोन वेळा बघायचं. मग भिंतीवर एक ठिपका आणि फोनवर टायमर. खांद्यावरून रायफल, बसणं, पट्टा, नेम, ट्रिगर. मला सुरुवातीला बारा-तेरा सेकंद लागायचे, रोज दहा वेळा असं महिनाभर केल्यावर सहावर आलो. घाई करून नाही, फालतू हालचाली कमी करून. पोरगा टायमर लावतो, त्याला मजा वाटते, बाबा दिवाणखान्यात उकिडवे बसलेत म्हणून.

पट्ट्याची देखभाल

नायलॉनला काही लागत नाही, कोमट पाण्यात साबण, सावलीत वाळवा. कापडी पट्टा भिजला की आकसतो, वाळल्यावर लांबीची खूण परत तपासा. चामडं उलट, भिजलं की ताणतं. भिजलेली वादी हीटरपुढे किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर वाळवलीत तर ती कडक होऊन भोकांपाशी चिरते. टॉवेलनं पुसा, खोलीच्या तापमानाला दोन दिवस टांगून ठेवा, मग चामड्याचं तेल अगदी थोडं, बोटावर घेऊन. जास्त तेलानं वादी लिबलिबीत होते आणि फासा दंडावरून घसरतो. सीझन संपला की पट्टा रायफलवरून काढून वेगळा ठेवा, ओलसर चामडं नळीला टेकून कपाटात पडलं की तिथे गंज धरतो, आणि भोकं प्रकाशात धरून बघा, लांबट झालेलं भोक दिसलं तर आकडा त्याच्या शेजारच्या जोडीत टाका किंवा ती वादी बदलून टाका.